होल्त्सकिर्शनला गाडी दोन होते

म्युनिक, गुरुवार ५ सप्टेंबर

बुर्गी,

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. दारावरच्या पत्रपेटीला तशी सोय नाही, म्हणून हे कागदावर. फाडायचं असेल तर फाड, पण हे पान संपवून.

बाबाला कोणीतरी बाई भेटलीय.

हसू नकोस. चौऱ्याहत्तरचा आहे, मला माहितीय. माझ्या दुकानात कानाची मशीन बसवून घ्यायला याहून म्हातारी जोडपी येतात, टेबलाखालून हात धरून. वयाचं मला सांगू नकोस.

आई गेल्यावर त्याने बुधवारच्या सहली बंद केल्या होत्या. यंदा वसंतात एकदम परत सुरू. मंगळवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा, त्याच्या एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर बीअरची बाटली. सगळं पूर्वीसारखंच. जाताना कुठल्या बाजूला बसलं की तळं दिसतं, केक कुठे खायचा, पाऊस आला तर दुसरा बेत, दुसराही फसला तर तिसरा. आपण दोघी टेबलाच्या दोन टोकांना बसून भांडायचो ना, तू तळ्यासाठी आणि मी डोंगरासाठी? तसंच, फक्त भांडायला कोणी नाही. मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, माणूस जागा झाला.

मग मी म्हटलं, बाबा, मी बुधवारची सुट्टी काढते, मलाही ने. तर म्हणाला, "अगं, तुझं दुकान आहे." दुसऱ्यांदा म्हणाला, "चढ फार आहे, गुडघे दुखतील." कोणाचे गुडघे, बुर्गी? मी एकतीस वर्षांची आहे. तिसऱ्यांदा त्याला ऐकूच आलं नाही. ज्याला ऐकू येत नाही आणि ज्याला ऐकायचं नाही, त्यांतला फरक ओळखण्याचाच मला पगार मिळतो.

आता ऐक. एकटा जातो, पण तिकीट दोघांचं काढतो. थर्मासबरोबर कप दोन. काल दिवसभर पाऊस होता, हा श्लियरझेच्या तळ्याला पूर्ण फेरी मारून आला म्हणतो, आणि बूट कोरडे ठणठणीत. मी काही त्याच्यावर पाळत ठेवत नाही. बूट दारातच असतात, दिसतात.

हेही मी गिळलं असतं. पण परवा जेवताना, बटाटा सोलता सोलता, म्हणाला, "आफ्रा, एकट्या माणसाला राहायला किती जागा लागत असेल गं?"

एकट्या माणसाला! म्हणजे मला. म्हणजे तो जाणार, त्या बाईकडे, आणि मी या घरात एकटी. किंवा घरच सोडणार. मी या घरातून कधी बाहेर पडले नाही हे तुला माहितीय. तू पडलीस. ते जाऊ दे.

आईला मातीत ठेवून आपण बाहेर आलो तेव्हा फाटकात तू म्हणाली होतीस, "तू तिला सांभाळत नव्हतीस, तिच्यावर पहारा देत होतीस." त्यानंतर हे माझं पहिलं वाक्य तुझ्याशी, आणि तेही मदतीसाठी. यावरून समज.

रविवारी मी पोहायला जाते तेव्हा तो तुला फोन करतो, मला माहितीय. विचार त्याला. कोण आहे, कुठली आहे, काय हवंय तिला.

आफ्रा


म्युनिक, गुरुवार १२ सप्टेंबर

बुर्गी,

उत्तर नाही. ठीक. मी अपेक्षाही केली नव्हती. (केली होती. दोनदा खाली जाऊन पेटी बघून आले.)

काल बाबा परत आला तो घोट्यापर्यंत चिखलात. आठवडाभर इथे पावसाचा थेंब नाही. कडक ऊन. मग हा चिखल कुठून? आणि बूट दारात ठेवले तेही कसे, तर बरोबर माझ्या चपलांच्या शेजारी, टाचा बाहेर, तळवे वर. बघ, आफ्रा, बघ! एरवी तो ते बाकड्याखाली भिरकावतो.

मी म्हटलं, "काय रे, कुठे रुतलास?"

"शेत होतं."

"तळ्याकाठी शेत?"

"तळ्याच्या पलीकडे. वाट चुकलो."

वाट चुकला! बाबा! जो आपल्याला लहानपणी जंगलात उभं करून विचारायचा, उत्तर दिशा कुठे, आणि बरोबर सांगेपर्यंत ब्रेडला हात लावू द्यायचा नाही!

आणि काल कप एकच नेला. मला दाखवून नेला. सॅकमध्ये ठेवताना माझ्यासमोर धरला, जसा काही सीमेवर तपासायला दिला.

मी रात्रभर विचार केला आणि माझ्या लक्षात आलं की ही बाई साधी नाही. ती त्याला शिकवतेय. बूट कोरडे दिसतात, चिखल लाव. दोन कप दिसतात, एक ने. चाळीस वर्षं करखात्यात बसून ज्याने अख्ख्या शहराचं खोटं पकडलं, त्याला स्वतःला एक धड खोटं बोलता येत नाही, हे तिला कळलंय, आणि ती त्याची शिकवणी घेतेय. असली बाई घरात आली तर मी कुठे जाईन?

म्हणून पुढच्या बुधवारी मी त्याच गाडीने जाणार आहे. दुकानात दातदुखी सांगितलीय. तो पुन्हा श्लियरझेच म्हणतोय, म्हणजे गाडीचा मागचा भाग, तेवढाच तिकडे जातो. मी मागच्यातच शेवटच्या डब्यात बसेन. त्याला काही करणार नाही. फक्त बघेन.

हे तुलाच सांगतेय. दुसऱ्या कोणाला सांगणार?

आफ्रा


म्युनिक, गुरुवार १९ सप्टेंबर

बुर्गी,

माझी फजिती ऐकायची असेल तर बस.

नऊच्या आधी फलाटावर तीच जत्रा. स्वस्तातलं तिकीट नऊला चालू होतं, त्यामुळे म्युनिकमधली सगळी पेन्शनर मंडळी काठ्या घेऊन घड्याळाखाली उभी, शर्यत सुटायची वाट बघत असल्यासारखी. मी खांबाच्या मागे. बाबा आला. हिरवं जाकीट, हॅट, सॅक. चालत चालत थेट पुढे गेला. पुढच्या भागात चढला.

पुढच्या भागात, बुर्गी!

मला वाटलं, मागे गर्दी आहे म्हणून पुढे चढला असेल, आतून येईल. पण आतून येता येत नाही, हे मला ठाऊक नाही का? दोन वेगळ्या गाड्या, नुसत्या एकमेकींना जोडलेल्या. होल्त्सकिर्शनपर्यंत एकत्र, मग पुढची लेंग्रीसकडे, मागची श्लियरझेकडे. चुकीच्या भागात बसून भलत्याच खोऱ्यात पोचणं हे परगावच्या लोकांचं काम. बाबा तर त्यांना हाताला धरून उतरवायचा, "तुमचं तळं त्या तुकड्यात आहे, पळा!" म्हणून. आपल्याला लाज वाटायची. तो स्वतः चुकेल?

तरी मी बसून राहिले. कारण तो श्लियरझे म्हणाला होता. तो खोटं बोलला असेल असं मी घरी हजारदा म्हणते, पण गाडीत बसले की मला त्याचंच खरं वाटतं. मूर्खपणा.

होल्त्सकिर्शनला गाडी नेहमीसारखी थांबली, खालून ते खाडखाड झालं. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलेलं, अगदी सिनेमातल्यासारखं. फलाटावर कोणाचं तरी पोर खिदळत होतं. मग धक्का बसला, आणि बाबा एका खोऱ्यात गेला आणि मी दुसऱ्या.

श्लियरझेला उतरले. काय करणार? तळ्याकाठी आलुबुखाराचा केक खाल्ला. शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे होते. एक म्हणाला, "पोरी, कोणी यायचं होतं का?" मी म्हटलं, "नाही, कोणी गेलंय." तो म्हणाला, "मग त्याचाही केक तूच खा." खाल्ला.

संध्याकाळी बाबा म्हणतो, "आज श्लियरझेला काय धुकं होतं, हाताला हात दिसेना." मी दिवसभर तिथे बसून नाक भाजून घेतलेलं. माझ्या नाकाकडे बघत बोलत होता. नजर हलवली नाही. शिकवणी चांगली चाललीय.

एक मात्र तिने अजून शिकवलेलं नाही. ते हिरवं जाकीट. फक्त बुधवारीच घालतो, इतर दिवशी हातही लावत नाही. माणूस एखादा कपडा एकाच दिवसासाठी राखून ठेवतो तेव्हा काय समजायचं ते समजतंच. त्या जाकिटावरूनच मी त्याला पकडणार आहे. बघच तू.

आफ्रा


म्युनिक, गुरुवार २६ सप्टेंबर

बुर्गी,

बाबा ते हिरवं जाकीट रोज घालतो.

रोज. पाव आणायला जातानाही. कचरा टाकायला जातानाही. त्याच्याकडे दुसरं धड जाकीटच नाही. "फक्त बुधवारी" हे मी बनवलं. तुझ्यासाठी, एकटीसाठी बनवलं, आणि कुठल्याही बाईला, मांजराला, शेजारणीला सांगितलं नाही.

काल बुधवार होता. लख्ख ऊन. बाबा खोलीतून बाहेर आला तो आपला जुना निळा रेनकोट घालून. गळ्यापर्यंत बटणं. कपाळावरून घाम ओघळतोय.

मी म्हटलं, "पाऊस आहे का?"

म्हणाला, "सांगता येत नाही."

तर ते असं आहे. शिकवणी बाईची नव्हती. कोरडे बूट मी तुला लिहिले, चिखल आला. कप तुला लिहिले, कप गेला. शेवटचा डबा तुला लिहिला, तो पुढच्या भागात चढला. माझं प्रत्येक पत्र तू रविवारी फोनवर त्याला वाचून दाखवतेस. दोघं हसता का गं? माझा आवाज काढून वाचतेस? लहानपणी तू माझा आवाज छान काढायचीस.

आता मला एकच विचारायचंय. तुला यात काय मिळतं? नऊशे किलोमीटर लांब, कीलला बसून तू त्याला एका परक्या बाईकडे जायला मदत करतेस, आणि माझ्यापासून लपवतेस. ती कोण आहे हेही तुला माहीत असणार. भेटलीयस का तिला? तुझ्या ओळखीची आहे? तूच जुळवलंस?

आई आजारी होती तेव्हा तू म्हणालीस, तिला शुश्रूषा केंद्रात ठेवू. आता बाबाला कुठे ठेवणार आहेस?

यापुढे मी काय करणार आहे ते लिहिणार नाही. या पत्रात फसवण्यासारखं काही नाही. निवांत वाच त्याला.

आफ्रा


म्युनिक, गुरुवार १० ऑक्टोबर

बुर्गी,

पाकिटावर पत्ता मुद्दाम कीलचाच घातलाय. जाऊ दे उत्तरेपर्यंत. तिथून टपालवाले नवीन पत्ता चिकटवून परत माझ्याच दिशेने पाठवतील. टपालात एक अर्ज केला की जुन्या घरची पत्रं नव्या घरी येत राहतात, हे मला सुचायला हवं होतं. मी स्वतःला संशयी म्हणवते!

काल फलाटावर खांबामागे उभी होते, तर एक लाल मोजेवाली बाई ओरडत आली, "एकटं कोणी आहे का? आमच्यात एक कमी पडतोय! बायरिशत्सेल! एकटं कोणी?" पाच जणांचं एक तिकीट, पाचवा नाही आला की कोणालाही पकडायचं. मी नको म्हणायच्या आत तिने माझी बाही धरली होती.

"या हो, अशा खांबाला काय टेकताय? आमच्या झेप्पला आज दातवाल्याकडे जायचंय. तुम्ही झेप्प."

"मी शेवटपर्यंत येईनच असं नाही."

"कुठेही उतरा. फक्त तिकिटावर नाव लिहा, नाहीतर तपासनीस माझं डोकं खाईल."

मागच्या भागात बसलो, बायरिशत्सेल श्लियरझेच्याच पुढे आहे. बाबा पुढे चढलेला मी बघितला होता, रेनकोटमध्ये. माझा बेत होता की होल्त्सकिर्शनला पटकन उतरून पुढच्या भागात शिरायचं. मी नाव लिहिलं. लाल मोजेवालीने केसातला चष्मा नाकावर ओढला.

"लांडथालर? आमच्या हार्टलची कोण तू?" बाबाचं आडनाव वाचलं आणि अहो-जाहो गळून पडलं.

"मुलगी."

"छे!" म्हणाली. एवढंच. मी तिचं पाकीट मारलं असावं तशी ती माझ्याकडे बघत. "हार्टलच्या मुलीला मी दर बुधवारी बघते. ती होल्त्सकिर्शनला चढते, बाबागाडी घेऊन."

समोरचा टक्कल पडलेला म्हातारा म्हणाला, "त्सेन्त्सी, माणसाला दोन मुली असू शकतात."

"असतील की, गुस्टल, मी कुठे नाही म्हणते? म्हणजे मग तू ती दुसरी. कानाच्या दुकानातली. जी..." आणि तिने डबा उघडला. "घे, उकडलेलं अंडं घे."

"जी काय?"

"मीठ हवंय का?"

"जी काय, ते सांगा."

गुस्टल खिडकीबाहेर बघत म्हणाला, "जी पहारा देते ती."

हा शब्द तुझा आहे, बुर्गी. मी तो एका अनोळखी म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकला, हातात सोललेलं अंडं धरून.

मग होल्त्सकिर्शन आलं. पाचही जण खिडकीला चिकटलो. त्सेन्त्सी म्हणाली, "ती बघ." तू केस कापलेस. तुला चांगले नाही दिसत. बाबा पुढच्या भागातून उतरला, तुझ्याकडे नाही, आधी बाबागाडीतल्या पोरीकडे गेला, आणि तिने त्याची हॅट ओढली. मग त्याने बाबागाडी पुढून उचलली, तू मागून, एकमेकांकडे न बघता, न बोलता. कितीदा उचलली असेल म्हणजे असं जमतं? खिदळणारं पोर मी आधीही ऐकलं होतं. वर्तमानपत्राच्या मागे बसून.

दाराचं बटण हिरवं होतं, दाबलं की उघडलं असतं. मी दारापाशी उभीही राहिले.

त्सेन्त्सी म्हणाली, "उतर की."

मी म्हटलं, "मी बायरिशत्सेलला चाललेय."

"मघाशी तर नव्हतीस जात!"

खाडखाड झालं, धक्का बसला, आणि तुम्ही तिघं त्या खोऱ्यात.

बाकीचं मला चढावर कळलं, न विचारता. त्सेन्त्सीला दम लागतो पण तोंड थांबत नाही. ईस्टरपासून तू होल्त्सकिर्शनला आहेस. एक खोली. औषधांच्या दुकानात अर्धा दिवस, बुधवारी सुट्टी. तुझा तो कीलचा नवरा कीललाच राहिला. पोरीचं नाव रेझी. दोन वर्षांची होईल आता. म्हणजे फाटकात माझ्याशी भांडलीस तेव्हा ती तुझ्या पोटात होती. मला भाची आहे हे मला एका लाल मोजेवालीने सांगितलं, आणि ती म्हणाली, "तुला माहीत नव्हतं? अगं बाई!" आणि मग पहिल्यांदाच गप्प बसली.

संध्याकाळी बाबा आला. मी काही विचारलं नाही. सूप वाढलं. तो म्हणाला, "छान झालं." सूप की बुधवार, कळलं नाही.

त्या घराचं काय, ते अजून समजलेलं नाही मला. एकट्या माणसाला किती जागा लागते? आता मला वाटतं, तो तुझ्याकडे येणार. बाई परवडली असती. बाईशी मी भांडले असते.

आफ्रा


म्युनिक, मंगळवार १५ ऑक्टोबर, संध्याकाळ

बुर्गी,

हे टपालाने नाही. बाबाच्या सॅकमधून येतंय, थर्मासच्या शेजारून. बाबा तुझ्या हातात देईल तेव्हा गाडी फलाटावर उभी असेल. डबे सुटे करायला लागतात तेवढी मिनिटं तुझ्याकडे आहेत, म्हणून भराभर लिहिते, भराभर वाच.

आत्ताच स्वयंपाकघरात झालं ते असं. नकाशा, मिठाची बरणी, बाटली. मी समोर बसले, तुझ्या टोकाला.

"उद्या कुठे?"

"श्लियरझे."

"म्हणजे मागचा भाग."

"मागचाच."

"बाबा, खोटं बोलणाऱ्याचा हात कानाकडे जातो, हे आम्हाला कोणी शिकवलं?"

त्याने कानावरचा हात काढला. बघितला. टेबलावर ठेवला. म्हणाला, "कधीपासून माहितीय?"

"गेल्या बुधवारपासून."

"आणि आठवडाभर गप्प?"

"तू किती दिवस बोलतोस ते बघत होते."

"हेच!" बाटली हलली एवढ्या जोराने म्हणाला. "हेच ती म्हणते! तू विचारत नाहीस, आफ्रा. तू बघत बसतेस."

मी म्हटलं, तुम्ही दोघांनी मिळून माझी पत्रं वाचलीत. म्हणाला, मी नाही वाचली, तिने सांगितलं फक्त. चिखल त्याने लेंग्रीसला एका गोठ्यामागे शोधला म्हणे, रेझीला फार मजा आली. रेनकोटमध्ये चक्कर यायची वेळ आली होती. आणि हे सांगताना हसत नव्हता. म्हणाला, "ती हसली नाही एकदाही. तुझं पत्र आलं की दिवसभर बोलत नाही."

हे खरं आहे का? मला खात्री नाही. हात कानाकडे गेला नव्हता, एवढं लिहिते.

का लपवलंस विचारलं, तर म्हणाला, "तिचीच अट होती. तू तिच्या लग्नात ग्लास वाजवून, सगळ्यांसमोर म्हणालीस, परतीचं तिकीट आताच काढून ठेव. ती परत आली. आता ते तुला कसं सांगणार ती?"

तो विनोद होता. सगळे हसले होते. तू पण हसलीस, मी बघितलं होतं.

मग मी घराचं विचारलं. म्हटलं, जा तू तिच्याकडे, मला स्पष्ट सांग फक्त, एकट्या माणसाला किती जागा लागते ते मी बघून घेईन.

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसा त्या भलत्या डब्यात बसलेल्या लोकांकडे बघायचा.

"मी माझं विचारत होतो," म्हणाला. "तिची ती खोली मला एकट्याला पुरते. स्टेशनसमोर आहे, मला काय हवं अजून? ती आणि पोरगी इथे येतील. तुझ्याजवळ. पाळणाघर कोपऱ्यावर आहे. पोरीला खोली हवी, रात्री रडते, भिंतीपलीकडचे ठोकतात. सगळं जुळवलं होतं मी. पण तुम्ही दोघी बोलतच नाही. मला गाड्या जुळवता येतात, आफ्रा. तुम्हाला कसं जुळवू?"

"मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर?"

"नाही म्हटलं असतं."

"म्हणून."

त्याने बाटली माझ्याकडे सरकवली. मी घोट घेऊन परत सरकवली. मी अजून हो म्हटलेलं नाही, हे तुला कळू दे. तू माझा आवाज काढतेस, आंघोळीला एक तास लावतेस, आणि आईच्या बाबतीत तू बरोबर होतीस असं मला अजूनही वाटत नाही. आणि हा सगळा बेत बाबाचा आहे की तुझा, हेही मला नीट बघायचंय.

मग मी म्हटलं, "तिकीट किती जणांचं काढतोस?"

"दोघांचं. पोरगी फुकट."

"तिघांचं काढ."

त्याने पेन्सिल उचलली. मान वर न करता म्हणाला, "पुढचा भाग की मागचा?"

"कुठलाच नाही. मी होल्त्सकिर्शनला उतरणार."

"होल्त्सकिर्शनला कोणी उतरत नसतं," तो सवयीने म्हणाला, आणि मग पेन्सिल खाली ठेवून चष्मा पुसायला लागला.

तर मी मागच्या भागात असेन, त्सेन्त्सीबरोबर. तिला मी सांगितलेलं नाही, पण ती ढकलेलच. तू हे वाचून मान वर केलीस की फलाटाच्या त्या टोकाला बघ. मी उभी असेन. जवळ येणार नाही, तू वाचून संपवेपर्यंत. बोलायला नको असेल तर रेझीला घेऊन पुढच्या भागात चढ, मी ओरडणार नाही. आणि वाचता वाचता दोन्ही तुकडे सुटून गेले तरी घाबरू नकोस. पुढच्या गाडीचं बाबाने आत्ताच बघून ठेवलंय. पाऊस आला तर स्टेशनसमोरचा केकवाला, आणि तो बंद असला तर तुझी खोली.

रेझी माझ्याकडे संशयाने बघेल. बघू दे. आपल्याच घरातली आहे.

आफ्रा